रातोरात बदललेलं शुल्क आणि बंदराच्या दारात अडकलेला माल

उरणचा_खारवारा
७ सप्टेंबर २०२५, दुपारी ३.४०

काल विसर्जन झालं. आज रविवार, म्हणून निवांत लिहायला बसलोय. बरेच दिवस मनात होतं.

यंदा गणपती बसले त्या दिवशी, २७ ऑगस्टला, आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं झाली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं होतं. त्या मिनिटाला भारतातून जाणाऱ्या बहुतेक मालावर अमेरिकेत आधीच्या २५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के आयात शुल्क लागलं. आमच्या घरी गुरुजी प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणत होते आणि पाटाशेजारी ठेवलेला माझा फोन सारखा थरथरत होता. आईने शेवटी तो उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

मी अठरा वर्षं न्हावा-शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे. मालक नाही, नोकरीच. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज) भरणं, कागद लावणं, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामात) माल तपासून घेणं, एलईओ, म्हणजे माल जहाजावर चढवायची परवानगी, मिळेपर्यंत पाठपुरावा करणं हे माझं काम. आमची भातशेती आणि थोडी मिठागरं संपादनात गेली. वडील १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात होते, गोळीबार झाला तेव्हा जासईतच होते. बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीतल्या घराघरात कुणी ट्रेलरवर आहे, कुणी यार्डात, कुणी सर्व्हेला, कुणाची करळ फाट्याला चहाची टपरी. त्यामुळे दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये शुल्काचा कागद निघाला की त्याचं आमच्या गावात काय होतं, ते मला जवळून दिसतं.

मला सर्वांत जास्त आठवतो तो १९ ऑगस्ट २०२३चा शनिवार. कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागल्याची अधिसूचना संध्याकाळी आली. लागू कधीपासून? लगेच. त्या दिवशी आमच्या हातात कांद्याचे अकरा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर, होते. सहांना एलईओ मिळालेली होती. पाच राहिले होते. सगळ्यांची शिपिंग बिलं आधीच भरलेली, माल एकाच व्यापाऱ्याचा, एकाच खळ्यावरून आलेला. सहा सुटले, पाच अडकले.

हे असं का, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कस्टम्स कायद्याच्या कलम १६ प्रमाणे निर्यातीच्या मालाला शुल्काचा दर लागतो तो एलईओ मिळते त्या तारखेचा. सौदा कधी ठरला, पैसे कधी आले, कंटेनर गेटमधून कधी आत आला, शिपिंग बिल कधी भरलं, यातल्या कशालाच किंमत नाही. आमच्या पाच कंटेनरांचा सौदा महिनाभर आधीचा होता.

हिशोब असा पाहा. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण २८ टन कांदा बसतो. किलोला २८ रुपये भाव धरला तर कंटेनरमध्ये ७ लाख ८४ हजारांचा माल. त्यावर ४० टक्के म्हणजे ३ लाख १३ हजार ६०० रुपये, एका कंटेनरला. पाचांचे साडेपंधरा लाखांच्या वर. कांद्याच्या धंद्यात किलोमागे रुपया-दोन रुपये सुटले तर दिवस चांगला गेला म्हणतात. हे पैसे आणायचे कुठून?

समोरचा गिऱ्हाईक भाव वाढवून द्यायला तयार नव्हता. शेवटी तीन कंटेनरांचं शुल्क भरलं आणि दोन परत नेले. 'बॅक टू टाऊन' म्हणतात त्याला. त्याचे कागद वेगळे, परवानगी वेगळी, आणि तोवर रीफरला वीज लागते तिचं प्लग-इन भाडं दिवसागणिक चढत जातं. त्या दोन ट्रेलरांचे ड्रायव्हर दोन रात्री गाडीखाली सतरंजी टाकून झोपले. त्यातला एक आष्टीचा मुलगा होता. तो मला दर दोन तासांनी विचारायचा, "साहेब, झालं का?" त्याला दिवसाचे नाही, फेऱ्याचे पैसे मिळतात.

शुल्क असावं की नसावं या वादात मला पडायचं नाही. सरकारला कधी लावावंही लागत असेल. माझं म्हणणं एवढंच की टक्का किती यापेक्षा किती दिवस आधी सांगितलं यावर माणसं मरतात किंवा तरतात. तुम्ही या साखळीत कुठे असाल तिथून तुम्हाला काय दिसतं ते लिहा.

चाळकरी_निफाड
७ सप्टेंबर २०२५, रात्री ८.१५

दादा, तुम्हाला शनिवारी संध्याकाळी कळलं, आम्हाला रविवारी सकाळी. सोमवारी लासलगावला लिलाव बंद. माझा ट्रॅक्टर शनिवारीच भरून ठेवलेला होता, ताडपत्री टाकून. तो तसाच चार दिवस उभा. ऑगस्टचा दमट काळ, वरून भुरभुर. खालच्या थरातून पाणी सुटायला लागलं तेव्हा परत चाळीत ओतला.

कांदाचाळीचं गणित शहरातल्या लोकांना समजत नाही म्हणून सांगतो. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढायचा आणि चाळीत भरायचा. ऑगस्टपर्यंत वजनात घट, सड, कोंब धरून तिसरा हिस्सा तरी जातो. आम्ही थांबतो कशासाठी? ऑगस्ट-सप्टेंबरात भाव येईल म्हणून. चार महिन्यांची घट सोसून ज्या आठवड्याची वाट पाहिली, नेमका त्याच आठवड्यात शुल्क. भाव वाढायला लागला की शुल्क लावायचं, असंच असेल तर साठवायचं कशाला?

आणि डिसेंबर तर त्याहून वाईट. ८ डिसेंबर २०२३ला थेट निर्यातबंदी. तेव्हा बाजारात लाल कांदा असतो. लाल कांदा टिकत नाही, चाळीत ठेवता येत नाही. काढला की पंधरा-वीस दिवसांत विकायलाच लागतो. उन्हाळ कांद्याला निदान थांबण्याचा मार्ग आहे, लालला तोही नाही. त्या आठवड्यात माझा कांदा आधीच्या आठवड्याच्या जवळपास निम्म्या भावात गेला.

खळ्यावर कांदा निवडायला बाया असतात, त्यांचा रोज. गोण्या शिवणारे, हमाल, पिकअपवाले. आमच्या गावातल्या वीस-पंचवीस बाया खळ्यावर जातात. त्या महिन्यात त्यांना निम्मे दिवसही काम नव्हतं. बंदरावर कंटेनर अडकला ते टीव्हीवर दाखवलं. ह्या बायांना कुणी दाखवलं नाही.

घरखर्चाची_वही
७ सप्टेंबर २०२५, रात्री ९.५०

दोघांचंही वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

मी ठाण्यात राहते, चार माणसांचं घर, एक पगार. २०२३च्या दिवाळीआधी कांदा आमच्याकडे सत्तर रुपयांवर गेला होता. २०१९ला तर शंभरच्या वर गेलेला आठवतो. आमच्याकडे महिन्याला सात-आठ किलो लागतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही तेवढाच लागतो आणि त्यांचं उत्पन्न माझ्या पाव हिश्श्याइतकं. त्यांनी महिनाभर कांदा बंद केला होता. सरकारने काहीच करायचं नाही का?

चाळकरी_निफाड
७ सप्टेंबर २०२५, रात्री १०.२०

ताई, राग कशाचा. मावशींना कांदा परवडला पाहिजे हे मलाही पटतं. पण तुम्ही सत्तर दिले त्या आठवड्यात माझ्या हातात किती पडले ते विचारा. आणि मार्चमध्ये कांदा चार रुपये किलो जातो, तेव्हा आम्हाला परवडावा म्हणून कुणी काही करत नाही. सरकारने उन्हाळ्यातच भरपूर खरेदी करून साठा ठेवावा, तो भाव चढल्यावर सोडावा. तसा साठा करतातही. पण मग वरून शुल्क कशाला?

आकडेमोड
८ सप्टेंबर २०२५, सकाळी ११.०५

धागा आवडला. एक गोष्ट मात्र नोंदवतो. या सगळ्या काळात न्हावा-शेवा बंदराची वाहतूक कमी झालेली नाही. २०२३-२४ मध्ये सुमारे ६४ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरचं माप), २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख. म्हणजे कांद्यावर शुल्क, बंदी, पुन्हा शुल्क हे सगळं चालू असताना बंदर वाढतच होतं. मग "शुल्कामुळे बंदराचं नुकसान" होतं असं जे म्हणतात, ते कितपत खरं?

दुसरं, कांद्याच्या तारखा एकत्र ठेवतो, चर्चेला उपयोगी पडतील. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेर विकायचं नाही. डिसेंबरमध्ये बंदी. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण किमान ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. १३ सप्टेंबर २०२४ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून शून्य. वीस महिन्यांत सहा बदल.

मे २०२४चं गणित करून पाहा: ५५० वर ४० टक्के म्हणजे ७७० डॉलर टन. तेव्हाच्या विनिमय दराने किलोला ६४ रुपये, आणि त्यात जहाजाचं भाडंही नाही. एवढ्या भावाने आखाती देशात आपला कांदा कोण घेईल? पाकिस्तानचा कांदा शेजारच्याच ढिगात असतो. बंदी उठवली म्हणायला उठवली.

उरणचा_खारवारा
८ सप्टेंबर २०२५, रात्री ९.३०

आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि तोच माझा मुद्दा आहे. बंदर मोठं आहे, त्याच्या पोटात शंभर प्रकारचा माल. कांदा थांबला तर दुसरं काही येतं. टर्मिनलच्या ताळेबंदात ओरखडाही उठत नाही. पण ज्या ट्रेलरमालकाकडे चार गाड्या आहेत आणि चारही नाशिकच्या रीफरवर लावलेल्या, त्याला उद्या यंत्रांचे सुटे भाग उचलायला कुणी बोलावत नाही. त्याचा हप्ता मात्र थांबत नाही. बंदराचा आकडा चढता आणि बंदरावर जगणाऱ्याची महिन्याची कमाई उतरती, हे एकाच वेळी खरं असू शकतं. आमच्या गावात ते दोन्ही दिसतं.

आणखी एक बारकावा. डिसेंबरच्या बंदीच्या अधिसूचनेत, आधीच कस्टम्सच्या ताब्यात दिलेला किंवा जहाजावर चढायला लागलेला माल जाऊ द्यायची तरतूद होती. बंदी कडक, तरी वाटेतल्या मालाची दया होती. ऑगस्टच्या शुल्काच्या वेळी आमच्या पाच कंटेनरांच्या वाट्याला तसं काही आलं नाही. सहाच दिवसांनी, २५ ऑगस्टला, उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लागलं, तेव्हा बंदरात पोचलेल्या आणि आधीचं पतपत्र (बँकेची पैशांची हमी, एलसी) असलेल्या तांदळाला सूट दिली गेली. म्हणजे ठरवलं तर देता येते. सप्टेंबरच्या शेवटी बंगळुरूच्या गुलाबी कांद्यालाही शुल्कातून सोडलं. तेव्हा नाशिकच्या व्यापाऱ्यांचे मला आलेले फोन अजून आठवतात.

टॉवेलनगरी
९ सप्टेंबर २०२५, दुपारी १.१०

सोलापुरातून लिहितोय. आमचा चोवीस मागांचा कारखाना, टेरी टॉवेल. माल निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत जातो, निम्म्याहून जास्त अमेरिकेला.

टॉवेलवर अमेरिकेत आधीपासूनच ९.१ टक्के शुल्क होतं. त्यावर ५० म्हणजे ५९.१. पाकिस्तानवर जादाचे १९, बांगलादेशावर २०, व्हिएतनामवर २०, तुर्कस्तानवर १५. कराचीच्या टॉवेलवर तिथे ५० ऐवजी १९, म्हणजे आमच्याहून ३१ टक्के शुल्क कमी. सुताच्या भावात किंवा मजुरीत वाचवून हा खड्डा भरत नाही, ते शक्यच नाही.

धागाकर्ते म्हणतात तो "किती दिवस आधी" हा मुद्दा आमच्याकडे कसा आला ते सांगतो. दुसऱ्या २५ टक्क्यांची घोषणा ६ ऑगस्टला झाली. सवलत अशी की २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत सोडवलेला माल यातून सुटेल. ऐकायला बरं वाटतं. पण तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांपासून बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात. न्हावा-शेव्याहून न्यूयॉर्कच्या बाजूला पस्तीस-चाळीस दिवस. म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत जे जहाज सुटलं त्याचाच माल वेळेत पोचणार. घोषणा सहाला, जहाज बाराच्या आत, आणि आमचा माल तेव्हा मागावर. एकवीस दिवसांची मुदत चाळीस दिवसांच्या प्रवासाला.

आमचे दोन कंटेनर तयार आहेत, गाठी बांधलेल्या, प्रत्येक टॉवेलवर तिथल्या दुकानाचं लेबल शिवलेलं. तिकडचा खरेदीदार म्हणतो, निम्मं शुल्क तुम्ही सोसा. सोसलं तर मुद्दलातून जाणार. नाही सोसलं तर लेबल उसवून इथे विकायचे, कोण घेणार? रात्रपाळी १ तारखेपासून बंद केली. बारा माणसं. आठवड्याच्या पगारावर जगणारी. त्यातल्या सहांच्या घरच्या बायका विड्या वळतात, आता घर त्यावर.

नवखा_वाचक
९ सप्टेंबर २०२५, दुपारी २.००

प्रश्न बाळबोध वाटेल. अमेरिकेने लावलेलं शुल्क अमेरिकेतला आयातदार भरतो ना? मग सोलापूरच्या कारखान्याने का सोसायचं?

प्रशांतकाठी
१० सप्टेंबर २०२५, सकाळी ७.४५

प्रश्न अगदी बरोबर आहे. कागदोपत्री आयातदारच भरतो, माल सोडवताना तिथल्या कस्टम्सला. पण तो ते पैसे कुणाकडून वसूल करेल हे सौद्यात कुणाचा हात वर आहे त्यावर ठरतं. दुकानात भाव वाढवता आला तर गिऱ्हाइकाकडून, पुरवठादार अगतिक असेल तर त्याच्याकडून, नाहीतर स्वतःच्या नफ्यातून. बहुधा तिघांत वाटलं जातं. टॉवेल पाच देशांत मिळतो, म्हणून टॉवेलनगरींवर दबाव जास्त.

मी मूळची अलिबागची, अकरा वर्षं अमेरिकेत लाँग बीचला. नवरा मालवाहतुकीच्या कंपनीत. शुल्काचा मार फक्त विकणाऱ्या देशाच्या बंदराला बसतो असं नाही, हे इथे डोळ्यांनी पाहिलं. एप्रिलमध्ये चीनवरचं शुल्क चढत चढत १४५ टक्क्यांवर गेलं. लगेच काही दिसलं नाही, कारण समुद्रात असलेली जहाजं येतच होती. दोन-तीन आठवड्यांनी, मे उजाडला तेव्हा, फेऱ्या रद्द व्हायला लागल्या. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही जुळी बंदरं, त्यांचं जगणं चीनच्या मालावर.

इथे गोदी कामगारांत दोन थर आहेत. युनियनचे नोंदणीकृत सभासद, त्यांना आधी काम. आणि 'कॅज्युअल', म्हणजे उरलेलं काम मिळेल या आशेने कामवाटपाच्या हॉलमध्ये जाऊन थांबणारे. काही जण वर्षानुवर्षं कॅज्युअलच असतात. आमच्या गल्लीत एक आहे, तिच्या मुलीला मी गणित शिकवते. मे महिन्यात ती आठवड्यातून पाच दिवस हॉलवर जायची आणि चार दिवस हात हलवत परत यायची.

मग १२ मेला जिनिव्हात तडजोड झाली, शुल्क ९० दिवसांसाठी ३० टक्क्यांवर आलं. मुदत संपायच्या आत माल आणायला सगळे धावले. जुलैत लॉस एंजेलिस बंदराने १० लाखांहून जास्त टीईयू हाताळले, बंदराच्या इतिहासातला सर्वांत व्यस्त महिना. मे महिन्यात काम नाही आणि जुलैत झोप नाही. वर्षाची सरासरी काढली तर काहीच घडलं नाही असं दिसेल. पण घरभाडं सरासरीने देता येत नाही.

उरणचा_खारवारा
१० सप्टेंबर २०२५, सकाळी ८.३०

ताई, घरभाड्याचं वाक्य वाचून मला आमच्या करळ फाट्याचा टपरीवाला आठवला. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याच्याकडे रात्रभर ट्रेलरवाल्यांची गर्दी होती, अमेरिकेचा माल रेटायची घाई होती म्हणून. त्याने एक पोरगा जादा ठेवला. गणपतीनंतर पोराला गावी पाठवलं.

साखळीकर
११ सप्टेंबर २०२५, रात्री १०.१०

गोव्याहून. आमच्याकडचा अनुभव जुना आहे, पण या धाग्यात तो हवा.

लोहखनिज. आमच्या खाणी डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत. तिथून ट्रकने जेटीवर, जेटीवरून बार्जने मांडवी किंवा झुवारीतून मुरगाव बंदरात, तिथून जहाजाने बहुतेक चीनला. २०१०-११ला वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जात होतं. माझ्या वडिलांचे दोन ट्रक होते, मामा बार्जवर.

३० डिसेंबर २०११ला निर्यात शुल्क २० वरून ३० टक्के झालं. मी प्रामाणिकपणे सांगतो, खाणी बंद पडल्या त्या शुल्काने नाहीत. बेकायदा उत्खनन अफाट झालं होतं, नद्या लाल झाल्या होत्या, शेतं गाळाने भरली होती. २०१२ला आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं, ते थांबायलाच हवं होतं. पण २०१४ला बंदी उठल्यावर काय झालं ते बघा. गोव्याचं खनिज कमी प्रतीचं, लोह ५८ टक्क्यांच्या आत. देशातल्या पोलाद कारखान्यांना ते नको असतं. घेणारा चीनच. जगात भाव कोसळलेले आणि आपलं ३० टक्के शुल्क तसंच. परवानगी होती आणि बार्ज मात्र नदीत गंजत उभ्या. २०१५ला कमी प्रतीच्या खनिजावरचं शुल्क १० टक्के केलं, २०१६ला शून्य, तेव्हा कुठे जेटीवर हालचाल दिसली. मग २०१८ला ८८ लीज रद्द, पुन्हा बंद.

आणि मे २०२२. देशात पोलाद महाग झालं म्हणून २२ मेपासून लोहखनिजावर ५० टक्के शुल्क, या वेळी कमी प्रतीचंही सुटलं नाही. लिलावात घेतलेला माल जेटीवर पडून राहिला. त्या खनिजाने देशातलं पोलाद स्वस्त होणार नव्हतं, कारण ते इथे कुणी वापरतच नाही. १९ नोव्हेंबरला शुल्क मागे घेतलं. मधले सहा महिने पावसाळ्याचे धरले तरी ट्रकवाल्यांचं वर्ष गेलं.

शुल्क लावणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकच 'लोहखनिज' असतं. प्रत्यक्षात ओडिशाचं वेगळं, गोव्याचं वेगळं. कांद्याचंही तेच दिसतंय, लाल वेगळा आणि उन्हाळ वेगळा.

चाळकरी_निफाड
१२ सप्टेंबर २०२५, सकाळी ६.५०

साखळीकर, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं.

वर्धेचा_कास्तकार
१३ सप्टेंबर २०२५, रात्री ८.००

सोलापूरच्या भाऊंचं दुःख वाचलं, आणि आता माझं सांगतो, कारण ते त्यांच्यातूनच निघालं आहे.

अमेरिकेने शुल्क लावलं, कापड गिरण्या अडचणीत आल्या. त्यांना दिलासा म्हणून सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहाच दिवसांत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हे मी समजू शकतो. पण माझा कापूस जूनमध्ये पेरलेला आहे. बियाणं, खत, डवरणी, फवारणी सगळं होऊन गेलं. मी पेरलं तेव्हा ११ टक्क्यांचं कुंपण होतं. पीक बोंडावर आल्यावर कुंपण काढलं. आता माझा पहिला वेचा निघेल ऑक्टोबरच्या शेवटी, तेव्हा ब्राझीलचा आणि अमेरिकेचा कापूस बंदरात उतरलेला असेल. यंदाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८११० आहे. पण व्यापारी तो देईल कशाला? आणि सरकारी खरेदीच्या रांगेत सगळ्यांचा नंबर लागत नाही.

जूनमध्ये सांगितलं असतं तर मी दोन एकर तूर वाढवली असती. एवढंच.

उरणचा_खारवारा
१३ सप्टेंबर २०२५, रात्री ११.१५

भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात पंधरा दिवस, महिना अशी काहीतरी मुदत होती. आता वाटतं तसं एकच मोजमाप चालणार नाही. कापसाची मुदत पेरणीपासून मोजायला हवी. टॉवेलची मागावर सूत चढल्यापासून. समुद्रातल्या मालाची जहाज सुटल्यापासून. कांद्याची चाळ भरली तेव्हापासून. शुल्क ठरवणाऱ्या कागदावर एकच तारीख असते, आणि प्रत्येक मालाचं वय वेगळं.

घरखर्चाची_वही
१४ सप्टेंबर २०२५, दुपारी ४.३०

हे पटलं. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी फक्त भाव पाहिला होता. मावशींना हा धागा वाचून दाखवला. त्या मूळच्या येवल्याच्या निघाल्या, माहेरी अजून कांदा करतात. मला चार वर्षांत माहीत नव्हतं.

डहाणूची_लेक
१६ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.२०

आमच्याकडे वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होतंय, गेल्या वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. माझं सासर मच्छीमारांचं. आम्हाला सांगतात, मासेमारी गेली तरी बंदरात कामं मिळतील. खारवारादादा, तुमच्या गावाने हे छत्तीस वर्षं पाहिलंय. कामं मिळाली का?

उरणचा_खारवारा
१६ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

ताई, खरं तेच सांगतो. मिळाली, पण ज्याची जमीन गेली त्याला कायमची नोकरी क्वचित, बाकी सगळं कंत्राटावर आणि फेऱ्यावर. साडेबारा टक्के विकसित जमिनीसाठी आमच्या लोकांना दशकं लढावं लागलं. माझ्या घरात बंदराने पोट भरलं हे नाकारणार नाही. पण मासळी खाडीत असते तेव्हा तिचा भाव तुम्ही उरणच्या बाजारात ठरवता. कंटेनरवर जगायला लागलात की तुमचा महिना कसा जाईल हे दुसरीकडे ठरतं. कामाच्या अटी, किमान दिवसांची हमी, जे काही मागायचं ते आत्ता लेखी मागा. बंदर सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

चाळकरी_निफाड
११ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.००

धागा वर आणतो. शुल्क शून्य होऊन सहा महिने झाले. काल माझा कांदा ११०० रुपये क्विंटलने गेला. उत्पादन खर्चही निघाला नाही. मला वाटलं होतं शुल्क गेलं की बाहेरचे गिऱ्हाईक परत येतील. व्यापारी म्हणतो, बांगलादेश आता स्वतः भरपूर कांदा पिकवतो, आखातात दुसऱ्यांनी जागा धरली. २०१९ला आपण अचानक बंदी घातली तेव्हा शेख हसीनांनी दिल्लीत येऊन बोलून दाखवलं होतं की आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगावं लागलं. आपण तेव्हा ती बातमी हसत वाचली होती.

चाळीत अजून साठ क्विंटल आहे. आम्ही गावातले सात जण मिळून कंटेनर भरता येईल का बघतोय, व्यापाऱ्याशिवाय. परवाना काढला आहे. दुबईला एक ओळखीचा आहे, नमुना म्हणून एक कंटेनर घ्यायला तयार.

उरणचा_खारवारा
११ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.२५

सात जणांचा मिळून २८ टन निवडलेला माल होतो का ते आधी पाहा. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, अजिबात नको, ४५ मिमीच्या वरचाच भरा, कोंब आलेला एकही कांदा जाऊ देऊ नका. जाळीच्या गोण्या एकाच वजनाच्या. रीफरची चौकशी मी उद्याच करतो, आमच्या ऑफिसची फी मालकांना सांगून कमी करून घेईन, पहिलाच कंटेनर आहे.

जहाजाचा कटऑफ, म्हणजे माल आत घ्यायची शेवटची वेळ, बहुधा गुरुवारी असेल. मंगळवारी संध्याकाळी गाडी खळ्यावर लागली तर बुधवारी सकाळी इथे पोचेल, दिवसभरात तपासणी आणि एलईओ दोन्ही करून घेऊ. एलईओ हातात येईपर्यंत मी यार्डातून हलणार नाही. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो, रात्री कितीही वाजता करा.